मास्टर स्लाइडच्या बाजूने

‘मजकूर दमदार असेल तर स्लाइड कशी दिसते याला कोण विचारतं?’ हे वाक्य मी प्राध्यापकांकडून ऐकतो, अभियंत्यांकडून ऐकतो, गावोगाव तळमळीने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडूनही ऐकतो. त्यामागोमाग दुसरं येतं: मास्टर स्लाइड (फाइलमधल्या सगळ्या स्लाइडचं रूप ठरवणारी मूळ स्लाइड), लेआउट, फॉन्टची मापं ही सगळी कारकुनी, विचार करणाऱ्या माणसाने त्यात वेळ घालवू नये. समोरच्याने थोडंफार वाचलं असेल तर तो माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांचा हवाला देतो. पॉवरपॉइंटचे साचे मुळातच विचाराला मारक आहेत, मग ते नीट करत बसण्यात काय अर्थ, असं त्याचं म्हणणं असतं.

या तिन्ही म्हणण्यांना माझा ठाम विरोध आहे. ही मतं निरुपद्रवी असती तर त्यांच्या वाटेला गेलो नसतो. पण त्यांच्यामुळे आपल्याकडची, विशेषतः मराठीतली सादरीकरणं वर्षानुवर्षं धड वाचता येत नाहीत, आणि त्याचा भुर्दंड मागच्या रांगेत डोळे बारीक करून बसलेल्या श्रोत्याला भरावा लागतो.

सुरुवात टफ्टी यांच्यापासून करतो, कारण तिन्हींत त्यांचा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. २००३ साली त्यांनी ‘द कॉग्निटिव्ह स्टाइल ऑफ पॉवरपॉइंट’ ही पुस्तिका काढली. त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण कोलंबिया अवकाशयानाचं आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचं विश्लेषण स्लाइडवर मांडून वरिष्ठांना दाखवलं. एका स्लाइडचं शीर्षक वाचणाऱ्याला दिलासा वाटावा असं होतं. खरी धोक्याची गोष्ट तळाशी, बुलेटच्या खालच्या पातळीवर, लहान अक्षरांत गेली होती: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, आणि इथे प्रश्न होता १,९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यानाचे तुकडे झाले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाने या स्लाइडची आणि टफ्टी यांच्या विश्लेषणाची दखल घेतली.

एका स्लाइडमुळे यान पडलं असं कोणी जबाबदार माणूस म्हणत नाही. मंडळानेही यान चालवणाऱ्या संस्थेच्या एकूण कार्यपद्धतीवर बोट ठेवलं होतं. पण ६४० पटीचा फरक तळाशी दडून राहतो, हे टफ्टींचं निरीक्षण बिनतोड आहे. माझा वाद त्यांनी त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे. त्यांनी खापर साच्यावर फोडलं आणि उपाय म्हणून साचाच टाकून कागदावर या, असं सुचवलं. साच्यात नेमकं काय चुकलं होतं आणि ते कोणाच्या हातात होतं, हा प्रश्न त्यांनी तसाच सोडला.

तो प्रश्न विचारून पाहा. पॉवरपॉइंटची ऑफिस थीम आज जशी मिळते त्यात शीर्षक ४४ पॉइंटचं असतं. मजकुराच्या पाच पातळ्या असतात आणि त्यांची मापं २८, २४, २०, १८, १८ अशी उतरत जातात. म्हणजे वाक्य जितकं आत ढकलाल तितकं ते आपोआप लहान होतं. एखादी बाब तपशिलाची असते म्हणून ती आत जाते, आणि आत गेली म्हणून ती बारीक होते. पण तपशील दुय्यमच असतो हे ठरवलं कोणी? १,९२० विरुद्ध ३ हा तपशीलच होता. ४४ पॉइंटच्या शीर्षकात एक पूर्ण विधान बसवणं अवघड, म्हणून माणसं ‘आढावा’, ‘निष्कर्ष’, ‘पुढील दिशा’ अशी पोकळ शीर्षकं देतात. हे सगळे निर्णय आहेत, ते कोणीतरी घेतलेले आहेत आणि मास्टर स्लाइडवर ते दहा मिनिटांत बदलता येतात.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मायकल ॲली गेली अनेक वर्षं हेच शिकवत आले आहेत. प्रत्येक स्लाइडचं शीर्षक हे पूर्ण वाक्य असावं, ते डावीकडून सुरू व्हावं, दोन ओळींच्या पुढे जाऊ नये आणि खाली बुलेटऐवजी त्या वाक्याचा पुरावा असावा: आलेख, छायाचित्र, आकृती. हे अमलात आणायचं तर आधी मास्टर बदलावा लागतो. शीर्षक २८ पॉइंटवर आणावं लागतं, त्याची चौकट दोन ओळींची करावी लागते, मजकुराच्या पातळ्या कमी कराव्या लागतात. टफ्टींच्या टीकेला खरं उत्तर सापडतं ते मास्टर स्लाइडच्या पानावरच.

आणखी एक गोष्ट टफ्टींचे चाहते विसरतात. त्यांची स्वतःची पुस्तकं हातात घेऊन बघा. १९८३ च्या ‘द व्हिज्युअल डिस्प्ले ऑफ क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन’पासून त्यांच्या पुस्तकांची शिस्त ओळखता येते: बेम्बो टाइप, रुंद समास, त्या समासात मजकुराशेजारीच टिपा, आलेख मजकुराच्या ओघात. पहिलं पुस्तक मनासारखं छापता यावं म्हणून त्यांनी घर गहाण ठेवलं आणि डिझायनरला शेजारी बसवून पानं लावली. याहून कडक मास्टर कोणता असणार? साचा विचाराला मारतो असं म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचा विचार इतक्या काटेकोर साच्यात मांडला, आणि म्हणूनच तो इतका स्वच्छ पोचला. ॲमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं हेही मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. त्याच्या जागी आलं काय? सलग गद्यातलं सहा पानी टिपण, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते शांतपणे वाचायचं. पानांची मर्यादा ठरलेली, वाचायची रीत ठरलेली. एक साचा गेला, दुसरा आला. नवा साचा विचार करून ठरवलेला होता, म्हणून तो टिकला.

माझं मूळ म्हणणं हेच आहे. पॉवरपॉइंटची प्रत्येक फाइल कुठल्या ना कुठल्या मास्टरवर उभी असते. गुगल स्लाइड्स आणि लिब्रेऑफिस इम्प्रेस यांचंही तेच. ‘मी मास्टरच्या भानगडीत पडत नाही’ असं म्हणणारा माणूस मास्टरशिवाय काम करत नसतो. तो दुसऱ्याने, दुसऱ्या लिपीसाठी, दुसऱ्या गरजांसाठी बनवलेला मास्टर न पाहता वापरत असतो.

आणि मराठी माणसाला ही बेफिकिरी सर्वांत महाग पडते. पॉवरपॉइंट रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या कंपनीत घडवलं. १९८७ मध्ये ते मॅकिंटॉशसाठी बाजारात आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. अमेरिकी कार्यालयातल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका हा त्याचा पहिला उद्देश. त्याच्या मूळ मापांत देवनागरीचा विचार नव्हता आणि तयार थीममध्ये तो आजही नावापुरताच आहे. तयार थीममधले अकरा लेआउट उघडून पाहा. त्यांतले शेवटचे दोन उभ्या मजकुराचे आहेत. जपानी-चिनी लिपींना त्यांचा उपयोग आहे, मराठीला शून्य. तरी आपल्या हजारो फाइलींमध्ये ते निमूटपणे बसलेले असतात.

आता फॉन्टकडे या. थीममध्ये लॅटिन लिपीसाठी एक फॉन्ट ठरलेला असतो आणि बाकीच्या लिपींसाठी वेगळी यादी असते. ऑफिस थीमच्या त्या यादीत देवनागरीसाठी ‘मंगल’ नोंदवलेला आहे. तुम्ही वर मेनूतून सुंदर इंग्रजी फॉन्ट निवडता, मराठी अक्षरांवर त्याचा परिणाम होत नाही, आणि एकाच ओळीत ‘जीएसटी 2024-25’चे इंग्रजी आकडे एका घाटाचे तर मराठी शब्द दुसऱ्याच घाटाचे दिसतात. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट मूळ संचात नाही, वेगळा घ्यावा लागतो. तो नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की त्या जागी निर्मला येतो, मॅकवर आणखी तिसराच. प्रत्येकाची रुंदी वेगळी, म्हणून काल रात्री दोन ओळींत बसलेलं शीर्षक आज सभागृहात तीन ओळींचं होतं आणि तक्त्यावर चढतं. वक्ता म्हणतो, ‘फॉरमॅट जरा हललंय, माफ करा.’ त्यात माफी मागण्यासारखं काही नाही, आणि ते टाळताही येतं. मास्टरमध्ये देवनागरीसाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’सारखा मोफत, युनिकोड फॉन्ट एकदा ठरवा, तो फाइलमध्येच जोडून जतन करा, आणि हा प्रश्न मुळातून सुटतो. जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टांतला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. त्याला पळवाट नाही.

ओळींमधल्या अंतराचंही तसंच. २०१३ पासूनच्या ऑफिस थीममध्ये शीर्षकाच्या आणि मजकुराच्या ओळींमधलं अंतर ९० टक्के ठेवलेलं आहे. रोमन अक्षरांना ते शोभतं, कारण त्यांच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्या ओळीच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं. देवनागरी फॉन्टांची ओळीची उंची एकमेकांपासून खूप वेगळी असते. त्यामुळे तो आकडा एका फॉन्टमध्ये चालून जातो आणि दुसऱ्यात वरच्या ओळीतल्या ‘पूरग्रस्त’चा ऊकार खालच्या ‘विद्यार्थ्यां’च्या रफाराला जाऊन टेकतो. मागून वाचणाऱ्याला तो एक काळा ठिपका दिसतो. त्याहून वाईट म्हणजे इंग्रजी शीर्षकं भारदस्त दिसावीत म्हणून अनेक तयार टेम्प्लेटमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. तेच माप मराठीला लागलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे सुटे होतात. तिरप्या अक्षरांची गतही तीच. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरी तिरपी अक्षरं नसतात, संगणक सरळ अक्षरं नुसती कलती करतो. या सगळ्यावरचा इलाज एकाच ठिकाणी आहे: मास्टरवर अंतर १०० ते ११० टक्क्यांच्या आसपास फॉन्ट बघून ठरवा, अक्षरांमधलं अंतर शून्य करा, ठळकपणासाठी तिरप्याऐवजी जाड वजन वापरा. हे स्लाइडगणिक करू गेलात तर वेडे व्हाल. एकदा करून मोकळं व्हायचं ही सोय असताना ती नाकारणं मला अनाकलनीय वाटतं.

‘कारकुनी’ या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे. कारकुनी म्हणजे तेच ते काम हाताने पुन्हा पुन्हा करणं. ती मास्टर न वापरणाऱ्याच्याच वाट्याला येते. संस्थेच्या वार्षिक आढाव्याची फाइल कशी जमते ते ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. चार विभाग आपापल्या स्लाइड पाठवतात, कोणीतरी रात्री त्या एका फाइलमध्ये चिकटवतो, आणि चिकटवताना ‘मूळ स्वरूप राखा’ हा पर्याय निवडतो, कारण नाहीतर सगळं विस्कटतं. त्या प्रत्येक स्लाइडबरोबर तिचा मास्टरही फाइलमध्ये शिरतो. मास्टरच्या खिडकीत डोकावलं तर ‘१_ऑफिस थीम’, ‘२_ऑफिस थीम’ अशी रांग लागलेली दिसते. लोगो तीन ठिकाणी, तीन मापांचा. शीर्षक एका स्लाइडवर मधोमध, दुसऱ्यावर डावीकडे. मग अध्यक्ष म्हणतात, तळटीपेतलं वर्ष बदला. ते वर्ष साठ स्लाइडवर साठ सुट्या चौकटींत टाइप केलेलं असतं. पहाटे दोनपर्यंत जागून ते बदलणारा कनिष्ठ सहकारी म्हणजे खरा कारकून, आणि त्याला कारकून केलं ते मास्टरला तुच्छ लेखणाऱ्यांनी. चारही विभागांना आधीच एक टेम्प्लेट दिलं असतं तर तळटीप एका जागी बदलली असती. ‘रीसेट’चं एक बटण दाबलं की स्लाइड आपल्या लेआउटच्या मापांवर परत आली असती. पण त्यासाठी मजकूर प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे लेआउटने आखून दिलेल्या चौकटीत, असायला हवा. टेक्स्ट बॉक्स काढून त्यात शीर्षक टाइप करायची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की कित्येकांना प्लेसहोल्डर हा प्रकारच माहीत नसतो.

टेक्स्ट बॉक्समधल्या शीर्षकाने होणारं आणखी एक नुकसान फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरवर फाइल वाचते तेव्हा स्लाइडचं शीर्षक म्हणून प्लेसहोल्डरमधलाच मजकूर ओळखला जातो. डोळ्यांना ठळक, मोठं शीर्षक दिसत असतं, पण ऐकणाऱ्याच्या लेखी त्या स्लाइडला शीर्षकच नसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. त्यानंतरही शैक्षणिक संस्था आपल्या विद्यार्थ्यांना अशा बिनशीर्षकाच्या फाइली देत असतील, तर ‘मजकूर महत्त्वाचा, रूप नंतर’ हे बोलणं त्या विद्यार्थ्याच्या तोंडावर कसं सांगणार? त्याच्यापर्यंत मजकूर पोचलाच नाही. रंगांबाबतही तेच. लहान अक्षरांसाठी पार्श्वभूमीशी ४.५ ला १ इतका तरी विरोध असावा, हा जागतिक मापदंड आहे. खिडक्यांवर धड पडदे नसलेल्या आपल्या सभागृहांत फिकट करड्या रंगाची अक्षरं पार पुसून जातात. थीमच्या बारा रंगांमध्ये हे गुणोत्तर आधीच सांभाळलं की आलेखही आपोआप वाचता येण्याजोगे रंग घेतात.

साच्यामुळे कल्पकता मरते, असाही एक आक्षेप घेतला जातो. ज्या भाषेत मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, त्या भाषेतल्या माणसाने हे म्हणावं याचं मला दुःख होतं. त्या चौकटीत तुकोबांनी जे केलं ते आपल्यासमोर आहे. सादरीकरणात ठरलेल्या चौकटीचा आणखी एक फायदा असतो. वीस स्लाइडवर शीर्षक एकाच जागी, एकाच मापात असेल तर एकविसाव्या स्लाइडवर तुम्ही ते मुद्दाम हलवता तेव्हा सभागृह सावध होतं. प्रत्येक स्लाइडचं रूप निराळं असेल तर कुठलाच बदल काही सांगत नाही. श्रोता आधी शीर्षक शोधतो, मग आलेख कुठून वाचायचा ते शोधतो, आणि तोवर वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.

आक्षेप घेणाऱ्यांची एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. अनेक संस्थांचे टेम्प्लेट खरोखर त्रासदायक असतात. वर लोगो, खाली पट्टा, कोपऱ्यात ब्रीदवाक्य, कडेला नक्षी, तळाशी कायदेशीर सूचना; मजकुराला उरते निम्मी स्लाइड. नाकापेक्षा मोती जड. पण ही नक्षी येते मास्टरमधून, आणि काढायचीही मास्टरमधूनच. लोगो पहिल्या आणि शेवटच्या स्लाइडच्या लेआउटवर ठेवा, बाकी स्लाइड मोकळ्या सोडा. श्रोते सभागृहात शिरताना कोणाच्या कार्यक्रमाला आलो हे विसरलेले नसतात.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं करून देईल, मास्टर शिकायची गरज उरली नाही, असंही म्हटलं जाऊ लागलं आहे. ही साधनं सहसा तुमच्या फाइलमधली थीम आणि लेआउट घेऊनच स्लाइड मांडतात. मास्टरमध्ये मंगल आणि पाच उतरत्या पातळ्या असतील तर त्याच चुका आता अधिक वेगाने होतील.

म्हणून सर्व प्राध्यापकांना, शोधनिबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्यांना, शासकीय आणि स्वयंसेवी संस्थांतल्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या सादरीकरणाचं पहिलं वाक्य टाइप करण्याआधी ‘व्ह्यू’मधून ‘स्लाइड मास्टर’ उघडा. सर्वांत वरच्या मोठ्या स्लाइडवर देवनागरी फॉन्ट ठरवा, शीर्षक डावीकडे घेऊन दोन ओळींची जागा द्या, ओळींमधलं अंतर मोकळं करा. तिसऱ्या ते पाचव्या पातळीलाही दुसरीचंच माप द्या, म्हणजे महत्त्वाची गोष्ट तळाशी बारीक होऊन दडणार नाही. मजकूर जास्त झाला की अक्षरं आपोआप लहान करणारी ऑटोफिटची सोय बंद करा. न लागणारे लेआउट काढून टाका. बहुतेकांना पाच-सहा पुरतात. ती फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करा आणि आपल्या विभागातल्या प्रत्येकाला द्या. एका दुपारचं काम आहे, आणि ते संस्थेतल्या सर्वांत जाणत्या माणसाने करावं, सर्वांत कनिष्ठावर ढकलू नये.